देव्हाऱ्यात ठेवलेली पट्टी

मथुरा,

काल शेजारच्या दगूकडचा मका आला. सात पोती. ओट्यावर उतरवून घेतली, टेम्पो गेला, आणि मी घराकडं तोंड करून ओरडलो, "अगं, तुझा भाला आण." आतून सूनबाई बाहेर आली. कोपऱ्यातून ती टोकदार पोकळ नळी आणली आणि माझ्या हातात दिली. पोत्यात खुपसून पार तळाचे दाणे बाहेर काढायची नळी. तिला भाला म्हणणारी सगळ्या नाशकात तूच एकटी असशील.

तुला जाऊन सव्वा महिना झाला. अशा हाका अजून जातात तोंडातून. कुणी हसत नाही, तेच जरा जड जातं. तू असतीस तर म्हणाली असतीस, "हात मोडलेत का? घ्या की तुमचे तुम्ही."

तुझ्या लॅबच्या मॅडम दहाव्याला रामकुंडावर आल्या होत्या. जाताना म्हणाल्या, "काका, मथुरामावशींवर दोन ओळी लिहून द्या. आमच्या लॅबच्या अंकात छापू." मी म्हणालो, मी चौथीत शाळा सोडली, मला काय लिहिता येतंय. त्या म्हणाल्या, "मावशी तरी कुठं शिकल्या होत्या? दोनच ओळी द्या." आता दोन ओळींत तुला बसवायचं कसं? तू बसमध्येसुद्धा शेजारी डब्याची पिशवी ठेवून दोघांची जागा अडवायचीस. तेव्हा जास्त झालं तर मॅडमनी वाटेल ते कापावं. पण यात एक गोष्ट आहे, ती मला तुला सांगायची राहून गेली. तेवढी कापू नये.

तू अंबडच्या त्या लॅबला लागलीस तेव्हा काचेच्या बाटल्या धुवायला लागलीस. मी दगूला म्हणालो होतो, "घरची भांडी कमी पडली म्हणून दुसऱ्याची धुवायला चाललीय." तू ऐकलंस आणि सकाळची पहिली बस धरून गेलीस. सीबीएसच्या स्टँडला उतरायचं, दुसरी बस पकडायची, संध्याकाळी तसंच परत. मला वाटलं, महिनाभरात कंटाळेल. तू तिथंच म्हातारी झालीस.

तिथं काय चालतं ते मला लय दिवस कळलं नाही. शेंगदाणा, मका, सरकीची पेंड, कोंबड्यांचं खाद्य, मसाले, कुठून कुठून माल यायचा, आणि तुम्ही त्यात बुरशीचं विष शोधायचात. मी म्हणायचो, बुरशी तर डोळ्यांनी दिसते, त्याला एवढी मशिनं कशाला? एकदा जेवताना तू समजावलंस. म्हणालीस, "बुरशी दिसते हो. तिचं विष दिसत नाय. दाणा पुसला, धुतला, उन्हात टाकला, तरी विष आतच राहतं. शिजवूनसुद्धा जात नाय. गाईनं खाल्लं की दुधात उतरतं." मी म्हणालो, "आमच्या बापानं आयुष्यभर काळी ज्वारी खाल्ली, त्याला काय झालं?" तू ताटातून डोकं वर न करता म्हणालीस, "तुमच्यासारखा पोरगा झाला."

बाटल्यांवरून तू दळायच्या मशिनीवर गेलीस, आणि मग नमुना काढायला. हा शब्द तू घरात आणलास. आपल्याकडं नमुना म्हणजे विचित्र माणूस. कुणी वेड्यासारखं वागलं की आपण म्हणतो, काय नमुना आहे. तू तर दिवसभर नमुनेच हाताळायचीस. दारात चप्पल काढताना मी विचारायचो, "आज किती नमुने बघितले?" तू म्हणायचीस, "तिथले वीस. घरचा एकविसावा."

पण तुझी नमुना काढायची रीत मला मनातून आवडायची. पोत्याची वरची मूठ घ्यायची नाही. वरचा माल कुणीही चांगला ठेवतो. प्रत्येक पोत्यात भाला घालायचा, वर, मधे, तळाला. सगळे दाणे एका चादरीवर ओतायचे, हातानं कालवायचे, ढीग करायचा, तो ढीग भाकरीसारखा दाबायचा आणि त्याचे चार भाग करायचे. समोरासमोरचे दोन ठेवायचे, दोन काढून टाकायचे. उरलेल्याचं परत तसंच. असं करत करत मोठ्या ढिगाच्या दोन मुठी उरतात, आणि त्या दोन मुठींत सगळा ढीग असतो. विष सगळ्या दाण्यांत सारखं नसतं, शंभरातल्या एखाद्या दाण्यात असतं, तो दाणा सुटू नये म्हणून ही सगळी खटपट. हे तू मला अंगणात आपल्याच भुईमुगावर करून दाखवलंस. चार भाग करताना तुझी बोटं अशी सरळ जायची की सुरीनं कापल्यासारखं वाटायचं.

मग ती खोड तू सगळीकडं लावलीस. बाजारात आंब्याची पेटी उलटी करायचीस, विकणारा कळवळायचा. रवीसाठी मुलगी बघायला गेलो तेव्हा मी पोह्यांवर खूश होऊन हो म्हणायला निघालो होतो. तू पाठीत चिमटा काढलास. बाहेर आल्यावर म्हणालीस, "ही वरची मूठ झाली." दुसऱ्या दिवशी त्यांच्या गावच्या गिरणीत गेलीस, किराणावाल्याकडं गेलीस, पाणी भरायच्या जागी जाऊन उभी राहिलीस. परत आलीस आणि म्हणालीस, "तळाला पण चांगलंच हाय. करा पक्कं." आज तीच सून मला वेळेवर भाकरी देते, न बोलता भाला आणून देते. तुझा निकाल बरोबर होता.

आता त्या वर्षाची गोष्ट.

रवीची चिऊ तेव्हा दीड वर्षाची. मका काढून अंगणात टाकला होता आणि अवेळी पाऊस आला. ताडपत्री घातली, पण खालून पाणी शिरलं. नंतर मी तो आठ दिवस उन्हात हलवला. पिवळा धमक दिसायला लागला. मी म्हणालो, गुरांना घालू. तू म्हणालीस, आधी तपासू. दगू ओट्यावर बसला होता. त्याच्यासमोर मी बोलून गेलो, "बाटल्या धुता धुता बाई डॉक्टर झाली."

तू गप्प उठलीस आणि अबोला धरलास.

तुझा अबोला म्हणजे मोठी गंमत. माझ्याशी बोलायचं नाही, पण चंद्रीशी बोलायचं. गोठ्यात उभी राहून गाईला सांगायचीस, "चंद्रे, तुझ्या मालकाला सांग, भाकरी झाली." मी पण चंद्रीलाच सांगायचो, "चंद्रे, भाजीत मीठ नाय म्हणावं." बिचारी दोन्हीकडं बघायची. असे सहा दिवस गेले. त्यातच एका सकाळी तू ढिगात सगळीकडं हात घालून मका काढलास, चार चार भाग केलेस, पिशवी भरलीस आणि घेऊन गेलीस. मी बघून न बघितल्यासारखं केलं.

दोन दिवसांनी तुला बहिणीकडच्या नारायण नागबळीसाठी त्र्यंबकेश्वराला जायचं होतं. निघताना तू देव्हाऱ्यात कुंकवाच्या करंड्याला टेकवून एक पट्टी ठेवलीस. बोटाएवढी, पांढरी, तुमच्या लॅबच्या तपासणीची. मी रोज तिथं हात जोडतो, मला दिसणारच, हा तुझा हिशेब. एवढं मात्र तू चंद्रीलासुद्धा सांगितलं नाहीस. पिशवी उचललीस आणि गेलीस.

मी पट्टी बघितली. तिच्यावर एकच लाल रेघ होती. मला वाटलं, एक रेघ म्हणजे एक नंबर. पास. खराब असता तर दोन-चार रेघा आल्या असत्या. जेवढं विष तेवढ्या रेघा, असा माझा सरळ हिशेब. मी ती पट्टी खिशात घालून दगूला दाखवून आलो. म्हणालो, "बघ, बाई हरली. बोलायला तोंड नाय म्हणून देवापाशी ठेवून पळाली." आणि त्याच दिवसापासून मका भरडून गाईंना घातला.

चौथ्या दिवशी तू आलीस. गोठ्यात गेलीस, भरड्याचं घमेलं बघितलंस आणि तिथूनच ओरडलीस. अबोला तिथं संपला.

"हा कोणता मका हाय?"

"तुझ्या लॅबनं पास केलेला."

"पास? पट्टी बघितली नाय का?"

"बघितली की. एक रेघ."

तू खालीच बसलीस. म्हणालीस, "अहो, एक रेघ म्हणजे विष. चांगलं असलं की दोन येतात. विष असलं की एक जाते."

असलं उलटं शास्त्र कुणी काढलं कोण जाणे. मी तेच म्हणालो. पण तू ऐकायला थांबली नव्हतीस. चुलीपाशी गेलीस, सकाळचं दूध मोरीत ओतलंस, दह्याचं मडकं ओतलंस. सुनेच्या मांडीवर चिऊ वाटीनं दूध पीत होती. ती वाटी तू तिच्या तोंडापासून ओढून घेतलीस. पोर किंचाळली. मी ओरडलो, "एवढं दूध ओततेस?" तू वळून माझ्याकडं बघितलंस. त्या बघण्यापुढं तुझा सहा दिवसांचा अबोला काहीच नव्हता.

त्याच संध्याकाळी तू मला बरोबर घेऊन निघालीस. आपलं दूध पाच घरी जायचं. मी म्हणालो, उद्यापासून दूध बंद करू, गाय आटली म्हणू, सांगायची काय गरज? तू पायात चप्पल घालत म्हणालीस, "तुम्ही नुसते मागं उभे राहा." पाचही दारांत तू तेच सांगितलंस. आमच्या गुरांच्या मक्यात बुरशीचं विष होतं, चार दिवसांचं दूध चांगलं नव्हतं, दही-तूप लावलं असेल तर टाका. मी मागं रिकामी किटली घेऊन उभा. दगूची पारूबाई म्हणाली, "अगं मथुरे, सांगत्येस कशाला? आम्हाला काय कळणार होतं?"

तू म्हणालीस, "म्हणून तर सांगते."

दगूनं तेवढ्यात मला गाठलंच. "काय, एक रेघ म्हणजे पास ना?" त्या दिवसापासून मी एकरेघे झालो. चहाच्या टपरीवर, पारावर, लग्नाच्या पंगतीत, "या एकरेघे, बसा." रवीच्या सासऱ्यानंसुद्धा एकदा म्हणून घेतलं. अजून म्हणतात. आता मला ते नाव आवडतं, कारण म्हणणारा प्रत्येक जण त्याच्याबरोबर तुझी आठवण काढतो.

मका खड्ड्यात पुरला. चिऊला डॉक्टरांकडं नेलं, तिला काही झालं नव्हतं. तरी तू रोज सकाळी दुधाची बाटली पिशवीत घालून लॅबला न्यायचीस, दुधातलं विष उतरलं का बघायला. संध्याकाळी फाटकातून आत येताना मी तुझ्या तोंडाकडं बघायचो आणि कळायचं, आज पण एकच. एका संध्याकाळी तू फाटकातूनच दोन बोटं वर केलीस आणि म्हणालीस, "दोन." बाकी काही नाही. सूनबाई रडायला लागली. मी चंद्रीच्या पाठीवर थाप मारली आणि उगाचच वैरण टाकली.

पुढं सगळी वर्षं आपलं एकच भांडण चाललं. मी म्हणायचो, तू तोंडानं का सांगितलं नाहीस? तू म्हणायचीस, तुम्ही का विचारलं नाहीत? मी म्हणायचो, अबोला तुझा होता. तू म्हणायचीस, तो लावला कुणी? सणावाराला, पाहुण्यांसमोर, कधीही. चिऊ मोठी झाली, आता नववीत आहे, ती मधेच हात जोडून म्हणते, "आजी, आबा, मी जिवंत आहे. मिटवा." तरी मिटलं नाही. खरं म्हणजे आपल्याला ते मिटवायचं नव्हतं. दोघं आमनेसामने बसून पापड लाटताना तोंडाला काहीतरी लागतंच.

ते तू मिटवलंस. दवाखान्यात. दुपारची वेळ होती, मी मोसंबी सोलत होतो. तू म्हणालीस, "अहो, त्या वेळी चूक माझी होती. लेकराच्या जिवाशी गाठ होती. राग गिळून सांगायला पाहिजे होतं मी."

एवढी वर्षं जिंकायची वाट बघत होतो, आणि तू असं आयतं हातात दिलंस. मी काय म्हणावं? मी म्हणालो, "हां. आता बोललीस खरं." तू हसलीस. मी पण हसलो. मोसंबीची फोड तुझ्या तोंडात घातली. मग नर्स आली.

माझी अर्धी बाजू तशीच राहिली मथुरा. ती आता सांगतो.

रेघ मला कळली नाही, हे खरं आहे. ते सोंग नव्हतं. पण दुसऱ्या दिवशी ढिगात हात घातला तेव्हा तळाचा मका मला कोमट लागला. ओल्या गोणपाटासारखा वास आला. आणि चंद्रीनं घमेल्यात तोंड घालून परत काढलं. तिनं माझ्याकडं बघितलं. सहा दिवस तिच्यामार्फत बोलत होतो ना आपण, तेव्हा ती तुझंच सांगत होती म्हणायला हरकत नाही. मला कळलं. आणि मी काय केलं? घरात जाऊन गुळाचं पाणी केलं आणि भरड्यावर शिंपडलं, म्हणजे ती खाईल. तिनं खाल्लं.

का? तर दगूला पट्टी दाखवून झाली होती. तू परत आल्यावर मला जिंकलेलं दिसायचं होतं. त्या कोमट हातानंच मी दुसऱ्या दिवशी चिऊला दुधाची वाटी भरून दिली.

हे मी तुला एकदाही सांगितलं नाही. तू माझ्या अडाणीपणावर सगळ्यांसमोर हसायचीस, आणि मी हसू द्यायचो, कारण अडाणी असणं सोपं होतं. एकरेघे म्हणून घेणं सोपं होतं. गुळाचं पाणी मला एकट्यालाच माहीत होतं. दवाखान्यात तू तुझी चूक काढून माझ्या ओंजळीत ठेवलीस तेव्हा माझी बाहेर काढायची वेळ होती. मी मोसंबी सोलत बसलो. वरची मूठ दिली तुला. तळाचं आज देतोय.

तुला ठाऊक असेल का, हा विचार सव्वा महिना करतोय. गुळाचा डबा कुठवर रिकामा झालाय हे तुझ्या नजरेतून सुटणारं नव्हतं. ठाऊक असून बोलली नसशील तर तुझं मन माझ्यापेक्षा मोठं, आणि ठाऊक नसेल तर आता कळलं. दोन्हीकडून माझं ओझं हलकं झालंय. मी आता बरा आहे. जेवतो. झोपतो. तुझी आठवण आली की जास्त करून हसूच येतं.

आज सकाळी मी तुझी ती निळी चादर अंगणात पसरली. सातही पोत्यांत भाला घातला, वर, मधे, तळाला. कालवलं, ढीग केला, दाबला, चार भाग केले. माझे भाग वाकडे येतात. चिऊ बघून म्हणाली, "आबा, ही भाकरी कुणी खाणार नाही." तरी केले. दोन मुठी उरेपर्यंत केले. पिशवीत घातले, तोंड बांधलं आणि तुझी पहिली बस धरली. सीबीएसला उतरून दुसरी. शेजारी पिशवी ठेवून दोघांची जागा अडवून बसलो.

लॅबमध्ये तुझ्या जागी आता एक नवीन बाई आहे. तिनं पिशवी हातात घेऊन विचारलं, "काका, वरवरचा नाही ना आणला?" मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू. तू तिथंच आहेस अजून. मी म्हणालो, "बाई, तळापासून काढलाय. शिकवणारी पक्की होती."

तिनं दळलं, औषधाच्या पाण्यात हलवलं, निवळू दिलं, थेंब पट्टीवर टाकले. मॅडमनी मला जवळ खुर्ची दिली. बघत बसलो. आधी एक रेघ आली. ती येतेच, विष असो वा नसो, पट्टी धड आहे एवढंच ती सांगते, हे आता मला कळतं. दुसरीची वाट बघितली. मॅडम घड्याळाकडं बघत होत्या, मी पट्टीकडं. हळूहळू खालच्या बाजूला गुलाबी झाक आली, मग ती लाल झाली, आणि पहिलीच्या शेजारी नीट उभी राहिली.

पट्टी मागून घेतली. घरी येऊन हातपाय धुतले आणि देव्हाऱ्यात कुंकवाच्या करंड्याला टेकवून ठेवली. शेजारी तुझा फोटो आहे. हा अबोला तू धरलायस, मी नाही. मला बोलायला कुणाची मनाई नाही. म्हणून समोर उभा राहून मोठ्यानं, सूनबाईला स्वयंपाकघरात ऐकू जाईल असं म्हणालो,

"दोन."

मग गोठ्यात गेलो. चंद्रीची नात वाट बघत होती. तिच्यापुढं भरडा ठेवला, नुसता. तिनं तोंड घातलं आणि वर काढलं नाही.